कॅमेरा पडला, चालू झाला. पण उद्याची ऑर्डर करायची का?



कॅमेऱ्याचा पट्टा टेबलावरून लोंबकळत ठेवू नका, हे मी तुम्हाला व्हिडिओत किती वेळा सांगितलंय! आणि तोच पट्टा कनेरगाव नाक्याला, घरात, माझ्याच पायात अडकला. रात्रीचे नऊ वाजलेले, सकाळी साखरपुड्याचं शूट. धप्प आवाज झाला आणि घर गप्प.

टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर. तेवढ्यावरून पडलेली वस्तू जेमतेम ०.४ सेकंदात जमिनीवर येते, ताशी १४ किलोमीटर वेगाने. म्हणजे सायकलचा वेग. पण नुकसान ठरतं ती वस्तू किती अंतरात थांबते त्यावर. फरशीवर १ मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी झटका तिच्या वजनाच्या सुमारे ७५० पट. पाऊण किलोच्या कॅमेऱ्यावर क्षणभर साडेपाचशे किलोचा भार! तोच गोधडीवर २ सेंटिमीटर दबत थांबला, तर भार अठ्ठावीस किलोच्या आसपास. माझा आधी घडीच्या गोधडीवर आदळला, मग फरशीवर घरंगळला. नशीब, दुसरं काय.

अशा वेळी हात आपसूक स्विचकडे जातो. तो आवरा. आधी बॅटरी काढा, मग मेमरी कार्ड. कार्डातलं सगळं दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. कॅमेरा तुमचा आहे, पण त्यातले फोटो गिऱ्हाइकाचे आहेत. कॅमेरा पुन्हा विकत मिळेल, कुणाच्या आजीचा पंचाहत्तरीचा फोटो मिळणार नाही.

हलवल्यावर आतून खुळखुळ आली तर लगेच घाबरू नका. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून काही कॅमेऱ्यांत सेन्सर तरंगता असतो, तो बंद असताना हलतोच. पडण्याआधी तसा आवाज होता का, ते आठवा. लेन्स बाहेर येताना अडकत असेल तर मात्र जोर लावू नका.

माझ्या लेन्सवरचा फिल्टर फुटला, रिंग चेपली, आतली काच शाबूत. दुकानदार म्हणतील फिल्टरनेच वाचवलं. मला विचाराल तर समोरून बसणारा मार लेन्सचं हूड जास्त चांगला झेलतं, आणि फुटलेल्या फिल्टरचे तुकडे उलट लेन्सवर ओरखडे काढू शकतात.

बॅटरी टाकली, कॅमेरा चालू झाला. फोटो आला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इथेच बहुतेक जण फसतात.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा स्टँडवर अगदी समोर लावा, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवा, फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून अक्षरं वाचा. माझ्या फोटोत उजवीकडचं बारीक टाइप वाचता येत होतं, डावीकडचं धुरकट. लेन्स बसते ती कडी आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं: कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफमध्ये ४६.५. त्यात किंवा लेन्सच्या आतल्या काचांत केसभर तिरकेपणा आला, की एक बाजू मऊ पडते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही. साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत डाव्या टोकाला नवरीची मामी उभी असते. अल्बम हातात आल्यावर तिला कळतं.

दोष बॉडीत की लेन्समध्ये? त्याला उपाय एकच, दुसरी लेन्स लावून बघणं. आपला नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर. रात्रीच गाडी काढून वाशीमच्या एका फोटोग्राफर मित्राची लेन्स आणली, आणि त्याची जुनी बॉडीही भाड्याने घेतली. त्या लेन्सवर चारही कोपरे स्वच्छ आले. म्हणजे बॉडी वाचली होती. पन्नास फोटो सलग, फ्लॅश, दहा मिनिटं व्हिडिओ, सगळं करून पाहिलं.

तरी मुलीच्या वडिलांना फोन केला. खरं सांगतो, बोटं अडखळली. ऑर्डर गेली तर? "कॅमेरा पडला होता, तपासलाय, दुसरा सोबत आणतोय," एवढं सांगितलं. त्यांनी फक्त वेळेवर या म्हटलं.

आता पैशाचं. कंपनीची वॉरंटी कारखान्यातल्या दोषाला असते, पडण्याला नाही. घराच्या विम्यात धंद्याची वस्तू बसते की नाही, आणि अपघाताने पडली तर भरपाई मिळते की नाही, हे पॉलिसी घेण्याआधी लेखी विचारून घ्या. कॅमेरा मुद्रा योजनेच्या शिशु गटातून, म्हणजे ₹५०,००० पर्यंतच्या कर्जातून घेतला असेल, तर तो दुरुस्तीला गेला तरी हप्ता थांबत नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरमागे समजा ₹५०० वेगळ्या खात्यात टाकले, तर वीस ऑर्डरींत ₹१०,००० जमतात. मी ते टाकत होतो. लेन्सच्या दुरुस्तीचे पैसे त्यातूनच दिले. भाड्याचे पैसे मात्र त्या ऑर्डरच्या नफ्यातून गेले, गिऱ्हाइकाच्या बिलात लावले नाहीत.

कॅमेरा भाड्याने घेताना कागदावर काय काय लिहून घ्यायचं, ते पुढच्या व्हिडिओत. तुमचा कधी पडला असेल तर सांगा, आणि कोपरे तपासले होते का तेही.