सायकलच्या चाकाचा आऊट घरीच कसा काढावा

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. 'हे काय बायकांचं काम आहे का?' असं घरात कुणी म्हणालं, तर त्याला अंगणात उभी असलेली मुलीची सायकल दाखवा.

गोष्ट कापूस वेचणीच्या दिवसांतली. आमच्या गटातली एक ताई बैठकीला उशिरा आली आणि बसता बसता म्हणाली, "ताई, चाक वाकडं व्हई गयं, आते काय करू?" तिची मुलगी नववीत. शाळा चार किलोमीटरवर. पोरगी रेंजर सायकलनं जायची. लहान भावाला कॅरिअरवर बसवून येताना सायकल खड्ड्यात आदळली आणि मागचं चाक ब्रेकच्या रबराला घासायला लागलं. आठ दिवस पोरगी पायी जात होती. सायकल तालुक्याला न्यायची तर गाडीभाडं, दुरुस्तीचे पैसे आणि वर एका दिवसाची मजुरी बुडणार. घरात बोलणं सुरू झालं होतं, "अंधार पडल्यावर पोरगी एकटी येते, आता शाळा पुरे."

म्हणजे बघा, दोन-तीन तारा ढिल्या झाल्या आणि एका मुलीचं शिक्षण पणाला लागलं. मानव विकास कार्यक्रमात शासन ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे देतं. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० रुपयांवरून ५००० झाली. पण त्यातून सायकल येते, पुढची दुरुस्ती आपल्याच गळ्यात असते. म्हणून ती शिकून घेऊ.

आधी चाक उभं कशावर राहतं ते समजून घ्या. बैलगाडीच्या चाकात जाड लाकडी आरे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाड. ती खांबासारखी उभी राहूच शकत नाही, वाकेल. तिचं काम ओढायचं. बाजेची सुतळी ताणलेली असते म्हणून आपण बाजेवर बसू शकतो, सैल झाली की झोळ पडतो. चाकाचंही तसंच. बहुतेक रेंजरच्या चाकात ३६ तारा असतात. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० असायच्या. निम्म्या तारा मधल्या हबच्या एका बाजूला, निम्म्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू रिमला आपापल्याकडे ओढतात. ही सतत चाललेली रस्सीखेच आहे. दोन्हीकडचा जोर सारखा, तोवर रिम मध्ये. एका बाजूची तार ढिली पडली की दुसरी बाजू जिंकते आणि रिम तिकडे सरकते. यालाच दुकानदार 'चाक आऊट झालं' म्हणतात.

माझी चूक इथेच झाली. चाक चेनच्या बाजूला फुगलं होतं. मला वाटलं, त्याच बाजूच्या तारा आवळल्या की रिम आत दाबली जाईल. चांगला जोर लावून आवळल्या, तर चाक आणखी तिकडेच गेलं! कारण तार ढकलत नाही, ओढते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धं काम झालं.

आता कामाला लागू. तारा आवळायची छोटी चावी सायकलच्या दुकानात मिळते. तिला खाचा असतात. आपल्या निपलवर जी खाच घट्ट बसते तीच वापरा. पक्कड लावू नका, निपलचे कोपरे झिजले की मग चावी धरत नाही.

पहिलं काम, दोष नेमका कुठे आहे ते बघा. चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. सगळं चाकच खटखट हलत असेल तर एक्सलचे नट किंवा आतलं बेअरिंग सैल आहे. तिथे तारांना हात लावून उपयोग नाही.

दुसरं, सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. चाक हळू फिरवा आणि रिम व ब्रेकचं रबर यांतली फट बघा. डिस्क ब्रेक असेल तर फ्रेमला एक काडी अशी बांधा की तिचं टोक रिमला लागता लागता राहील. जिथे रिम घासते तिथे खडूनं खूण करा.

तिसरं, दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबा. मग नखानं एकेक तार छेडा. ताणलेली तार टणक वाजते, ढिली तार भदभद वाजते. मागच्या चाकाला चेनकडच्या तारा जरा जास्त ताणलेल्या असतात, म्हणून तुलना एकाच बाजूच्या तारांशी करा.

चौथं, निपलवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि चहा होईपर्यंत थांबा. गंजलेलं निपल ओढाताणीत तुटतं.

पाचवं, अगदी ढिल्या असलेल्या तारा आधी बाकीच्यांच्या बरोबरीला आणा. पुष्कळदा एवढ्यानंच निम्मा आऊट जातो. टायरच्या बाजूनं निपलकडे बघितलं, तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरवल्यावर तार आवळते, उलटं फिरवल्यावर सैल होते.

सहावं, आता खुणेजवळ या. डावं-उजवं म्हणू नका, उलट्या सायकलीत गोंधळ होतो. 'चेनकडची बाजू' आणि 'दुसरी बाजू' म्हणा. रिम चेनकडे गेली असेल तर त्या जागी दुसऱ्या बाजूच्या दोन तारा पाव-पाव फेरा आवळा आणि चेनकडच्या दोन पाव-पाव फेरा सैल करा. जेवढं आवळलं तेवढंच सैल करा, म्हणजे चाक गोल राहतं. नुसतं आवळतच गेलात तर रिम हबकडे ओढली जाऊन चाक उड्या मारतं. चाक फिरवा, बघा, पुन्हा पाव फेरा. घाई नको. भाजीत मीठ घालतो तसं, थोडं थोडं.

शेवटी सगळ्या तारा जोडीजोडीनं हातानं दाबा, म्हणजे त्या नीट बसतात. मग पुन्हा एकदा चाक फिरवून तपासा. एखादी तार बरीच आवळावी लागली असेल तर टायर उघडून तिचं टोक निपलच्या वर आलं नाही ना ते बघा, नाहीतर ट्यूबला भोक पडतं. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय मुलीला रस्त्यावर पाठवू नका.

कुठे थांबायचं तेही सांगते. रिमला चेपा किंवा चीर असेल, किंवा चाक भाजताना पापड वळतो तसं वळलं असेल, तर तारांनी ते सरळ होत नाही. रिम बदलावी लागते. तार तुटली असेल तर ती शेजारच्या तारेला गुंडाळून ठेवा, म्हणजे अडकणार नाही. सायकल हळू, विनाओझं दुकानापर्यंत न्या. मागच्या चाकाची चेनकडची तार बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं, ते मिस्त्रीचं काम. तुटकी तार तशीच ठेवली की शेजारच्या तारांवर जास्त ताण येतो आणि त्याही तुटू लागतात.

१९९० नंतरच्या काळात तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. बाजार, विहीर, शाळा सगळं त्यांना जवळ आलं. आपण पुढचं पाऊल टाकू. चालवता येते, आता दुरुस्तही करता यावी.

आमच्या त्या ताईच्या अंगणात पहिल्या दिवशी मी चाक बिघडवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगीच चावी घेऊन बसली आणि मी खडू धरला. दीड तास लागला. चाक दुकानातल्या नव्या चाकासारखं झालं नाही, अजून किंचित डुलतं. पण रबराला घासत नाही. सोमवारी ती सायकलनं शाळेत गेली. घरातलं 'शाळा पुरे' हे बोलणं अजून थांबलेलं नाही. फक्त सायकलचं कारण आता उरलं नाही.

आमच्या गटानं बचतीतून एक चावी, तेलाची बाटली आणि पंक्चरचं सामान घेतलंय. वहीत नोंद करून ज्या घरी लागेल त्या घरी जातं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आणि आज घरी गेल्यावर मुलीच्या सायकलच्या तारा एकदा छेडून बघा. भदभद वाजली तर थांबू नका.

येते मैत्रिणींनो, नमस्कार.