धावण्याला श्रमदानाची जोड

पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावांबाहेर, हमरस्त्याच्या कडेने धावणाऱ्या तरुणांचे लहानमोठे गट दृष्टीस पडतात. त्यांतील बहुसंख्य तरुण पोलीस अथवा सैन्य भरतीची तयारी करीत असतात. राज्याच्या पोलीस भरतीतील शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते व त्यासाठी महिनोन्‌महिने सराव चालतो. शहरांत धावण्याचा छंद निराळ्या वाटेने आला. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. आज शहरांतील उद्यानांत व तलावांच्या काठी नोकरदार स्त्री-पुरुष गटागटाने धावताना आढळतात.

याच धावपटूंच्या वाटेवर गावाची कितीतरी कामे पडून असतात. पावसाळ्यात समारंभपूर्वक लावलेली रोपे चैत्रात माना टाकतात. शाळेच्या कुंपणाची तार तुटलेली असते. वाचनालयातील पुस्तके धूळ खात पडलेली असतात. एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरातील दिवा जातो आणि स्टुलावर चढून तो बदलणारे कोणी नसल्यामुळे आठ-आठ दिवस घरात अंधार राहतो. ही कामे मोठी नसतात आणि म्हणूनच ती कोणत्याही योजनेत बसत नाहीत. धावणारे पाय आणि पडून राहिलेली कामे यांची सांगड घालता येईल काय, या प्रश्नाचे एक व्यवहार्य उत्तर लंडन शहरात २००९ पासून आकारास आले. त्याची माहिती आपल्याकडील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना उपयुक्त ठरावी.

लंडनमधील उपक्रम

‘गुडजिम’ हे त्या संस्थेचे नाव. पूर्व लंडनमध्ये आयव्हो गोरमली या तरुणाने ती सुरू केली. व्यायामशाळेतील यंत्रांवर घाम गाळण्यात शक्ती व्यर्थ जाते, असे त्याला वाटत असे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या एका परिचित वृद्ध गृहस्थांकडे तो धावत जाई, त्यांना वर्तमानपत्र देई, थोडा वेळ गप्पा करी आणि धावतच परत येई. जाण्याचे बंधन असल्यामुळे धावण्यात खंड पडत नसे आणि त्या गृहस्थांनाही माणसाचा सहवास मिळे. या दोघांच्या गरजेतून पुढे संस्था उभी राहिली व ती ब्रिटनमधील अनेक शहरांत पसरली.

संस्थेचे काम तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार गटाने धावण्याचा. आठवड्यातील ठरलेल्या संध्याकाळी सभासद ठरलेल्या ठिकाणी जमतात, धावत कामाच्या जागी जातात, काम करतात आणि परततात. सार्वजनिक बागेतील तण काढणे, गरजूंसाठी जमा झालेल्या धान्याची वर्गवारी करणे, शाळेच्या आवारातील माती हलविणे अशी ही कामे असतात. दुसरा प्रकार वृद्धांच्या घरी एखादे नेमके काम करून देण्याचा. जड पलंग सरकविणे, दिवा बदलणे, परसातील गवत कापणे ही त्याची उदाहरणे. तिसऱ्या प्रकारात एक धावपटू एकाच वृद्धाकडे नियमितपणे भेटीस जातो. या वृद्धास संस्थेत ‘कोच’, म्हणजे प्रशिक्षक, म्हणतात. धावपटूला घराबाहेर पडण्यास भाग पाडणारे तेच असल्यामुळे हे नाव यथार्थ आहे. साहाय्य घेणारा व देणारा असा भेद या एका शब्दाने पुसला जातो, आणि एकाकी वृद्धाच्या मनाला बोचणारी गोष्ट बहुधा हा भेदच असते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत लोक घरांत अडकले, तेव्हा हेच धावपटू किराणा व औषधे पोचविण्याच्या कामी आले. ठरलेल्या वेळी जमणारी माणसे आधीच हाताशी होती, हे त्याचे कारण होय.

याहून सोपा असा दुसरा प्रकार स्वीडनमधून आला. धावता धावता रस्त्यावरील कचरा उचलण्याच्या या प्रकारास ‘प्लॉगिंग’ म्हणतात. ‘उचलणे’ व ‘धावणे’ या अर्थांचे दोन स्वीडिश शब्द जोडून हे नाव बनले. एरिक आलस्ट्रम यांनी २०१६ मध्ये स्टॉकहोम येथे त्याचा प्रारंभ केला. भारतात २ ऑक्टोबर २०१९ रोजी, महात्मा गांधींच्या १५० व्या जयंतीदिनी, ‘फिट इंडिया प्लॉग रन’ देशभर आयोजित करण्यात आली आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला. पुण्यासह राज्यातील काही शहरांत असे गट आजही नदीकाठ व टेकड्या स्वच्छ करताना दिसतात.

यात नवे काय?

संत गाडगेबाबांच्या भूमीत हा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. हाती खराटा घेऊन आधी गाव झाडावा आणि मग कीर्तनास उभे राहावे, हा गाडगेबाबांचा परिपाठ होता. त्यांच्याच नावाने राज्यात २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून प्रारंभ झालेल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत हजारो ग्रामस्थांनी भर उन्हाळ्यात श्रमदान करून बांध घातले, चर खणले. श्रमदानाचा संस्कार महाराष्ट्राला परका नाही, हे मान्यच करावयास हवे.

उणीव आहे ती सातत्याची. आपले श्रमदान बहुधा पर्वकाळाचे असते. जयंती, अभियानाचा पंधरवडा, स्पर्धेचे परीक्षण यांच्या आगेमागे उत्साह शिगेला पोचतो आणि पुढे ओसरतो. परीक्षण समिती येऊन गेल्यावर महिन्याभराने त्याच गावाचा फेरफटका मारला, तर याची प्रचीती अनेकदा येते. यात ग्रामस्थांचा दोष मानण्याचे कारण नाही. शेतीच्या हंगामात दिवसभराचे श्रमदान कोणाला परवडेल? याउलट धावणारा माणूस आठवड्यातून तीन-चार दिवस स्वतःच्या गरजेपोटी रस्त्यावर येतोच. त्याच्या त्या वेळेतील पाऊण तास कामास मिळाला, तरी वर्षाकाठी पन्नास फेऱ्या होतात. एका दिवसाच्या महाश्रमदानातून न होणारी कामे या पन्नास फेऱ्यांत होतात, कारण देखभाल हे त्या कामांचे स्वरूप असते.

धावणाऱ्यालाही याचा लाभ होतो. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत केली आहे. एकट्याने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सोबती वाट पाहत आहेत आणि कामही वाट पाहत आहे, असे झाले म्हणजे अंथरूण सोडणे थोडे सोपे जाते. भरतीची तयारी करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जागा मोजक्या व उमेदवार असंख्य, त्यामुळे त्यांतील बहुतेकांची निवड होत नाही. दोन-तीन भरत्या हुकलेला तरुण गावात स्वतःला निरुपयोगी मानू लागतो. तोच तरुण एखाद्या आजोबांच्या घरी दर गुरुवारी येणारा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला, तर त्याचे गावातील स्थान बदलते.

काम आधी तयार हवे

असे उपक्रम फसतात ते धावण्यामुळे नव्हे, तर कामाच्या पूर्वतयारीअभावी. वीस तरुण धावत शाळेच्या आवारात येतात आणि फावडे एकच निघते. किंवा कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते परगावी गेलेले असतात. अशा दोन फेऱ्या फुकट गेल्या की तिसऱ्या वेळी पाच जणच येतात. म्हणून ग्रामपंचायतीने अथवा शाळेने एका व्यक्तीकडे ही जबाबदारी सोपवावी. काम कोणते, ते कोणाचे आहे, पाऊण तासात ते कोठवर होईल, घमेली, फावडी, खराटे, पोती व हातमोजे किती लागतील, पिण्याचे पाणी कोठे ठेवायचे, एवढे तिने आदल्या दिवशी पाहून ठेवले, म्हणजे निम्मे काम झाले. अवजारे कामाच्या जागी अगोदरच पोचलेली असावीत. कुदळ खांद्यावर टाकून धावणे कोणाला जमणार?

कामाची जागा सुरुवातीच्या ठिकाणापासून दोन ते तीन किलोमीटरवर असलेली बरी. तेवढ्या धावण्याने अंग मोकळे होते आणि काम करण्याइतपत दमही शिल्लक राहतो. पोचल्याबरोबर जड वजन उचलू नये; पाच मिनिटे विसावा घेऊन हलक्या कामाने आरंभ करावा. गटाचा वेग सर्वांत मागच्या व्यक्तीस झेपेल असा असावा व एक अनुभवी धावपटू नेहमी शेवटी राहावा. ज्यांना धावणे जमत नाही, त्यांनी चालत अथवा सायकलने यावे. लंडनच्या संस्थेतही आता ही मुभा आहे. महिलांचा सहभाग हवा असेल, तर वेळ व मार्ग त्यांच्याशी बोलून ठरवावा. पुरुषांनी ठरविलेली पहाटे साडेचारची वेळ त्यांना आपोआप वगळते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एका रांगेत धावावे. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखातील ऊन लक्षात घेता सूर्योदयापूर्वीच निघावे.

कोणती कामे देऊ नयेत, हेही स्पष्ट असले पाहिजे. गटारात उतरणे, मैला हाताळणे, दवाखान्यातील सुया व पट्ट्यांचा कचरा उचलणे ही कामे स्वयंसेवकांची नव्हेत. तसेच ज्या कामासाठी सफाई कामगारास वेतन किंवा मजुरास मजुरी मिळते, ते काम फुकट करून घेण्याचा मोह टाळावा. रोजगाराची हमी देणारा कायदा ज्या राज्याने १९७७ मध्येच केला, तेथे श्रमदानाच्या नावाखाली गरिबाची मजुरी बुडणे शोभणारे नाही.

एकाकी घरांचे दार

वृद्धांना भेटी देण्याचा भाग सर्वांत नाजूक आणि बहुधा सर्वांत मोलाचा आहे. कोकणातील चाकरमान्यांच्या गावांत ही गरज डोळ्यांना दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ती माणसे मुंबईस गेल्याची खूण या आकड्यात आहे. गणपतीत व शिमग्याला भरून जाणारी घरे एरवी एखाद्या वृद्ध जोडप्यावर, कधी एका म्हातारीवर उभी असतात. पैसे येतात, दूरध्वनीही येतो. पण पडवीतले कौल सरकले, तर ते बसविणारा हात नसतो.

ब्रिटनमध्ये वृद्धांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकाची पूर्ववृत्ताची तपासणी केली जाते. आपल्या गावांत माणसे परस्परांना ओळखतात, तरीही काही पथ्ये पाळावीत. भेटीस दोघांनी मिळून जावे. कोण कोणाकडे जातो याची नोंद ग्रामपंचायतीत असावी व पोलीस पाटलांना त्याची कल्पना द्यावी. पैसे, बँकेचे पासबुक, जमिनीचे कागद यांना हात लावू नये. आणि एकदा गुरुवार ठरला की गुरुवार चुकवू नये. येतो म्हणून न येणारा पाहुणा एकाकी माणसाला अधिक एकाकी करतो. येणे अशक्य असेल, तर निरोप तरी गेलाच पाहिजे.

महाविद्यालयांना हा उपक्रम राष्ट्रीय सेवा योजनेशी जोडता येईल. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास नियमित सेवाकार्य करावयाचे असते. दर आठवड्याला दीड तास धरला, तर चाळीस आठवड्यांत साठ तास, म्हणजे निम्मी अट, याच मार्गाने पूर्ण होते. माध्यमिक शाळांतील क्रीडाशिक्षकांना वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी एक किलोमीटरची फेरी व अर्ध्या तासाचे काम, असा लहान आराखडा बसविता येईल. मात्र त्यास पालकांची संमती घ्यावी आणि मुलांना घरभेटींवर पाठवू नये.

आरंभासाठी रस्त्याकडेची झाडे हे सर्वांत सोयीचे काम आहे. जूनमध्ये लावलेल्या रोपाला पुढचा पावसाळा येईपर्यंत सांभाळावे लागते. त्याचे आळे नीट करणे, तण काढणे, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, कुंपण सावरणे आणि माघ-फाल्गुनानंतर पाणी घालणे, ही कामे आठवड्यातून एकदा झाली तरी पुष्कळ होते. तेव्हा वृक्षारोपणाची तारीख ठरविण्यासाठी ग्रामसभा भरेल, त्याच सभेत गावातील धावणाऱ्या मुलामुलींना बोलवावे आणि कोणत्या वारी कोणता गट कोणत्या रांगेकडे जाईल, याचा वर्षभराचा तक्ता खड्डे खणण्यापूर्वीच लिहून फलकावर लावावा.