हाफ बिघडली, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

३० जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत पळाला. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या धावपटूने त्या दिवशी राष्ट्रीय विक्रम केला, पण फेरीत तो सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. पुढे १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत त्याने ८ मिनिटं १९.५० सेकंद घेतले. टोकियोपेक्षा सव्वा सेकंदाहून जास्त. आणि या वेळी सुवर्णपदक मिळालं. त्याच्या दीडच महिना आधी, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला होता.

हाफ मॅरेथॉनचा भारतीय विक्रमही याच साबळेने केला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्याने २१ किलोमीटर १ तास ३० सेकंदांत पार केले. त्याच्या या सगळ्या आकड्यांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. घड्याळात दिसलेली वेळ आणि मनाला झालेला त्रास यांचा हिशोब सरळ जुळत नाही.

हौशी पण स्पर्धेच्या ईर्ष्येने पळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. चार-पाच महिने पहाटे चारला उठायचं, रविवारचे लाँग रन, मंगळवारचे इंटरव्हल, लग्नाकार्यातही तेलकट टाळायचं, आणि शर्यतीच्या दिवशी पीबी (आजवरची सर्वोत्तम वेळ) तर सोडाच, गेल्या वर्षीच्या वेळेपेक्षाही पाच मिनिटं जास्त. घरचे, ग्रुपवरचे सगळे म्हणतात, ‘अरे, पूर्ण तर केलीस! तेच मोठं आहे.’ ते प्रेमापोटीच म्हणतात, पण मला हे सांत्वन पटत नाही. ज्याने वेळेसाठी मेहनत घेतली, त्याला वेळेबद्दलच उत्तर हवं असतं. आणि ते उत्तर विज्ञानाकडे बऱ्यापैकी आहे.

आधी निराशेचं पाहू. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूवैज्ञानिकाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा अभ्यास केला. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात पेटायच्या. दिव्याची खूण झाली की रस मिळतो हे एकदा माकडाला कळलं की त्या खूण दिसल्यावरच पेटायच्या. प्रत्यक्ष रस मिळाला तरी विशेष काही हालचाल नसायची. आणि खूण होऊनही रस मिळाला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचं. १९९७ साली शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजतात. मेंदू शिकतो तो या फरकावरून.

माणसाची निराशा माकडाच्या रसापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असते, हे मान्यच. पण मुद्दा लागू पडतो. फिनिश लाईनवर पोटात जो खड्डा पडतो, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: आपण कसे पळालो आणि आपण काय धरून चाललो होतो. पहिल्या गोष्टीची चिरफाड सगळेच करतात. दुसरीकडे फारसं कोणी बघत नाही.

मग हा अंदाज येतो कुठून? अनेक ॲप जो अंदाज देतात, त्यांच्या मुळाशी पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्राची कल्पना असते. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, थोडी जास्त वाढते. किती जास्त, हे १.०६ या घातांकाने सांगता येतं. दहा किलोमीटर ४५ मिनिटांत पळणाऱ्याची हाफ या सूत्राने १ तास ३९ मिनिटं १७ सेकंदांत व्हायला हवी. सूत्र चांगलं आहे, पण ते गृहीत धरतं की दोन्ही शर्यतींचा दिवस सारखा, रस्ता सारखा आणि दोन्ही अंतरांची तयारी सारखी. डिसेंबरच्या थंडीत पुण्यात सपाट रस्त्यावर काढलेले ४५ घेऊन जानेवारीत मुंबईच्या दमट हवेत १:३९ ची अपेक्षा धरली, तर चूक पायांच्या आधी कागदावर झालेली असते. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढायचा असेल, तर ते सूत्र घरीच ठेवावं. चढावर जेवढी जास्त ऊर्जा जाते, तेवढी उतारावर वाचत नाही.

शिवाय आपण १:३९:१७ असं लक्ष्य कधी ठेवतच नाही. आपण म्हणतो, ‘सब १:४०’. मॅरेथॉनच्या जवळपास एक कोटी वेळांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधकांना दिसलं की तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या अगदी अलीकडे धावपटूंची गर्दी होते आणि आकडा ओलांडला की ती ओसरते. शरीराला १:३९:५० आणि १:४०:१० यांतला फरक जाणवतही नाही. मनाला मात्र एक यश वाटतं, दुसरं अपयश.

आता प्रत्यक्ष पळण्याकडे येऊ. समजा, याच ४५ मिनिटांच्या धावपटूला मुंबईत १:४४:१३ लागले. ठरवलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त. पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट असे: २२:५०, २३:२५, २५:०५, २६:४५, आणि उरलेल्या एक किलोमीटर आणि थोड्या अंतराला ६:०८. ठरलेल्या पेसने प्रत्येक पाच किलोमीटरला २३:३२ लागायला हवे होते. म्हणजे पहिल्या पाचात ४२ सेकंद कमावले, दहाव्या किलोमीटरला अजून ४९ सेकंदांची आघाडी होती, आणि नंतरच्या अकरा किलोमीटरमध्ये पावणेसहा मिनिटं गेली. पहिले दहा किलोमीटर ४६:१५ मध्ये झाले, हे जरा थांबून बघा. आयुष्यातल्या सर्वोत्तम दहा किलोमीटरपेक्षा फक्त सव्वा मिनिट जास्त, आणि पुढे अकरा किलोमीटर बाकी!

हाफचा पेस हा लॅक्टेट थ्रेशोल्डच्या जेमतेम खालचा पेस असतो. या उंबरठ्याच्या आत स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट शरीर तितक्याच वेगाने वापरत राहतं. उंबरठा ओलांडला की ते साचू लागतं आणि त्याच्याबरोबर स्नायूंतली आम्लता आणि थकवा आणणारे इतर पदार्थही वाढतात. (बिचाऱ्या लॅक्टेटवर उगाच आळ येतो. ते इंधन आहे, हृदयही ते जाळतं, आणि शर्यतीनंतर तासाभरात ते रक्तातून जवळपास ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे मांड्यांत दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.) सुरुवातीला किलोमीटरमागे आठ सेकंद म्हणजे काहीच वाटत नाही, पाय ताजे असतात, टेपरमुळे (शर्यतीआधी कमी केलेल्या सरावामुळे) अंगात उत्साह असतो, गर्दी ओढत नेते. किंमत बाराव्या-तेराव्या किलोमीटरला वसूल होते.

पुष्कळ जण अशा वेळी एनर्जी जेलला दोष देतात: एक कमी घेतलं, उशिरा घेतलं. साठ किलोच्या माणसाला पळताना किलोमीटरमागे साधारण साठ किलोकॅलरी लागतात, म्हणजे हाफला सुमारे साडेबाराशे. नीट जेवून आलेल्या धावपटूच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजनचा साठा याहून जास्त असतो. फुल मॅरेथॉनची ‘भिंत’ इंधन संपल्याने येते. हाफमध्ये पाय जड होण्याचं कारण सहसा दुसरीकडे शोधावं लागतं. आपल्याकडे ते बऱ्याचदा हवेत सापडतं.

कारण त्या साडेबाराशे किलोकॅलरींपैकी पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, उष्णता होऊन बाहेर पडतो. साठ किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला साधारण पन्नास किलोकॅलरी पुरतात. हजारभर किलोकॅलरी उष्णता अंगातच राहिली असती, तर तापमान वीस अंशांनी चढलं असतं! ते चढत नाही, कारण घाम. एक लिटर घामाची वाफ झाली की सुमारे ५८० किलोकॅलरी निघून जातात. मेख ‘वाफ झाली’ या शब्दांत आहे. हवा आधीच ओलसर असेल, तर घाम वाळत नाही, ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम गारवा देत नाही. फक्त अंगातलं पाणी आणि मीठ नेतो. मुंबईच्या हाफमध्ये माहीमहून पहाटे निघून सी लिंक ओलांडेपर्यंत ज्यांचा टी-शर्ट अंगाला चिकटलेला असतो, त्यांच्या शरीरात तेव्हा ओढाताण चाललेली असते. उष्णता बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे हवं, आणि पळायला स्नायूंकडे. घामामुळे रक्तातलं पाणीही कमी झालेलं. मग हृदय दर ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि ठोके वाढवून भरपाई करतं. पेस तोच, पण ठोके चढत जातात. पेडर रोडचा चढ येतो तोवर हाताशी काही उरलेलं नसतं, आणि मेंदू वेग कमी करायला लावतो. तो कमजोरपणा नव्हे. शरीराने स्वतःला वाचवलेलं असतं.

दमट उष्णतेची सवय करता येते. अशा हवेत दहा ते चौदा दिवस रोज थोडं पळलं की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, ठोके खाली येतात. नाशिक किंवा पुण्याच्या थंडीत तयारी करून आदल्या संध्याकाळी मुंबईत उतरणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. शर्यतीनंतर पुष्कळांचं घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवतं आणि मग आयोजकांच्या नावाने ओरड होते. नियमानुसार मोजलेला रस्ता खास मोजणीयंत्र लावलेल्या सायकलने, वळणांच्या आतल्या बाजूने, सगळ्यात जवळच्या रेषेवर मोजलेला असतो. आपण त्या रेषेवर पळत नाही. पाण्याच्या टेबलाकडे जातो, लोकांना वळसे घालतो, आणि जीपीएस उंच इमारतींमध्ये आपली भर घालतं. घड्याळावर ४:४२ चा पेस पाळला आणि दोनशे मीटर जास्त निघाले, तर निकालात जवळपास एक मिनिट वाढतं. लक्ष्य ठरवताना हे मिनिट आधीच धरायला हवं.

हे सगळं तपासायचं, तर शर्यत जशी झाली तशी आठवायला हवी, आणि इथे आठवण दगा देते. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेला एक प्रयोग आहे. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात मिनिटभर हात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ, आणि वर आणखी अर्धा मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू एका अंशाने कमी थंड केलेलं. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट सुसह्य. आठवण सगळ्यात तीव्र क्षणावर आणि शेवटावर बेतते. हाफचे शेवटचे चार किलोमीटर घसरत गेले, तर आख्खी शर्यत वाईट म्हणून मनात बसते. आधीचे सतरा किलोमीटर छान होते, हे पुसलं जातं. म्हणून त्याच दिवशी, अंघोळ-जेवण झाल्यावर, स्प्लिट, ठोके, हवा, झोप, पोट, कुठे काय वाटलं, हे लिहून ठेवावं. निष्कर्ष मात्र त्या दिवशी काढू नये. दोन-तीन दिवस अंग दुखत असताना, झोप अपुरी असताना काढलेला निष्कर्ष फार कठोर असतो.

त्याच रात्री पुढच्या रविवारच्या शर्यतीची नोंदणी करण्याचा मोहही टाळावा. इजा झालेल्या तंतूंना भरून यायला वेळ लागतो, आणि अंग वरवर मोकळं वाटलं तरी आत काम चालू असतं. आधी हलकं पळणं, मग तीन-चार आठवड्यांनी, जिथे पुढची शर्यत आहे तसल्याच हवेत, दहा किलोमीटर पूर्ण ताकदीने पळावं. तो ताजा आकडा रीगलच्या सूत्रात घातला, तर मिळणारा अंदाज जुन्या पीबीपेक्षा कितीतरी खरा असतो.

एक शर्यत बिघडणं वेगळं. पण सलग दोन-तीन बिघडल्या, सोप्या पेसलाही दम लागू लागला, सकाळचे ठोके वाढलेले राहू लागले, तर पेस आणि हवा बाजूला ठेवून रक्त तपासावं. विशेषतः स्त्रियांनी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. धावपटूंवर त्यात आणखी भार पडतो: घामातून थोडं लोह जातं, पाऊल आपटताना काही तांबड्या पेशी फुटतात, आणि जोरदार पळण्यानंतर काही तास हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून आतड्यातून लोह शोषलं जाणं कमी होतं. त्यावर पळून आल्या आल्या पोह्यांबरोबर चहा घेतला की चहातले टॅनिन उरलंसुरलं लोहही अडवतात. फक्त हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. साठा दाखवणारं फेरिटिन त्याच्या बरंच आधी घसरतं. वजन कमी करण्याच्या नादात पुरेसं खाल्लं जात नसेल, पाळी चुकत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. वेळ घसरण्याचं कारण तिथेही असू शकतं. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. आणि फेरिटिन खरोखर कमी निघालं, तर साठा भरायला काही महिने जातात. जानेवारीत हे कळलं तर वेळेचं लक्ष्य पावसाळ्यानंतरच्या शर्यतीसाठी ठेवावं आणि मधल्या काळात किती पळायचं ते डॉक्टर आणि कोच या दोघांना विचारून ठरवावं.