बर्झम ऐकण्याआधी तारखा

नव्या श्रोत्याला बर्झम हा ब्लॅक मेटल, म्हणजे कर्कश रॉकच्या एका प्रकारातला, प्रकल्प ऐकवायचा तर आधी तारखा सांगाव्यात, असं माझं ठाम मत आहे. इथे लखनौच्या मानक नगरात, आरडीएसओ या रेल्वे संशोधन संस्थेच्या वसाहतीत वाढणारी आमची मराठी मुलं हेडफोन लावून थेट ब्लॅक मेटलपर्यंत पोचतात. गाण्याआधी त्यांच्या कानावर येते ती दंतकथा: चर्च जाळणारा, खून करणारा माणूस आणि त्या खुनातून उमटलेलं त्याचं संगीत. यातले गुन्हे खरे आहेत. क्रम चुकीचा आहे.

नॉर्वेतल्या बर्गनच्या वर्ग विकर्नेसने 1991 मध्ये बर्झम सुरू केला. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, गळा, जवळपास सगळं त्याचं एकट्याचं. जानेवारी 1992 ते मार्च 1993 या सव्वा वर्षात, अठरा ते वीस या वयात, त्याने चार अल्बम रेकॉर्ड केले. 10 ऑगस्ट 1993 ला ओस्लोत त्याने मेहेम बँडचा गिटारवादक ऑयस्टीन ऑर्शेथ, म्हणजे युरोनिमस, याला भोसकून मारलं. मे 1994 मध्ये त्याला 21 वर्षांची, तिथली कमाल, शिक्षा झाली. चारांपैकी शेवटचा अल्बम, ‘फिलोसोफेम’, 1996 मध्ये बाजारात आला तेव्हा तो तुरुंगात होता. ऐकणाऱ्यांनी त्या किंकाळ्यांत खुनी शोधला. पण त्या किंकाळ्या खुनाच्या आधीच्या होत्या.

मात्र याच तारखा त्याची सुटकाही करत नाहीत. जून 1992 मध्ये बर्गनजवळचं फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं. त्या आगीसाठी तो दोषी ठरला नाही, पण इतर चर्च जाळल्याबद्दल ठरला. आणि फँटॉफ्टच्या जळक्या सांगाड्याचं छायाचित्र त्याने 1993 च्या ‘आस्के’ या बर्झमच्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर छापलं. आगी आणि रेकॉर्डिंग एकाच काळातली आहेत. म्हणून ‘कलाकार वेगळा, माणूस वेगळा’ एवढं बोलून मोकळं होणं मला पटत नाही.

आणि तरीही ‘फिलोसोफेम’ ऐकावा. गिटारसाठी त्याने खास अॅम्प्लिफायर वापरला नाही, भावाच्या स्टिरिओचा वापरला. गाण्यासाठी मुद्दाम सर्वांत वाईट माइक मागितला आणि हेडसेटवर गायला. त्यातून गिटारची जी अखंड गुणगुण निघते, तिच्यावर कीबोर्डचे मोजके स्वर पडत राहतात. चाल फारशी बदलत नाही. ऐकणाराच हळूहळू बदलतो. सुमारे पंचवीस मिनिटांचा एक तुकडा तर निव्वळ कीबोर्डचा आहे. याच लखनौत 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्यासारख्या तानपुऱ्याच्या झंकारात बसून विलंबित ऐकलेल्या कानाला हा संथपणा परका वाटू नये. वेगाची सवय लागलेल्या रॉकप्रेमीपेक्षा तो कान इथे लवकर रुळतो, असा माझा अनुभव आहे.

तुरुंगातून 1997 आणि 1999 मध्ये आलेले दोन अल्बम केवळ सिंथेसायझरचे. 2009 मध्ये तो पॅरोलवर सुटला, 2010 मध्ये ‘बेलुस’ आला, मग आणखी काही. त्यांत जुनी धग नाही. दरम्यान त्याचं वंशद्वेषी लिखाण सुरूच होतं, आणि 2014 मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने वंशद्वेष भडकवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची स्थगित कैद व आठ हजार युरो दंड ठोठावला. हे सगळं मुलांना मी अल्बम लावण्याआधी सांगतो, नंतर नाही. त्याच्या खिशात पैसे जातील अशी खरेदी टाळा, हेही सांगतो.

मग लगेच पॅनॉप्टिकॉन लावतो. ऑस्टिन लन या अमेरिकनाचा हाही एकट्याचाच प्रकल्प, आणि तो उघडपणे फॅसिझमच्या विरोधात. त्याच्या 2012 च्या ‘केंटकी’मध्ये हाच गोंगाट बँजोच्या सोबतीने कोळसा खाणकामगारांच्या संपाची गाणी गातो.