झोपलेल्या संगणकात जागे काय असते?

बंद दिसणारा संगणक पूर्णपणे बंद असतोच असे नाही. भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर त्याचा कोणता ना कोणता भाग विजेवर असतो, आणि त्याला पुन्हा कामाला लावण्याचा कोणता मार्ग लागू पडेल हे त्या जाग्या राहिलेल्या भागावरून ठरते. कळफलकावरची एखादी कळ दाबावी, माउस हलवावा, नाहीतर पॉवरचे बटण दाबावे, हे सल्ले आता सर्वांना तोंडपाठ आहेत. पण काल कळ दाबताच उठलेला संगणक आज ढिम्म का बसून राहिला, याचे उत्तर त्या सल्ल्यांत नसते. नाशिकसारख्या शहरात, जिथे भारनियमन, दुरुस्तीसाठी घेतलेला वीजबंद आणि मे महिन्यातला वळीव या तिन्हींशी घरोघरच्या इन्व्हर्टरला सामना करावा लागतो, तिथे हा प्रश्न संगणकाइतकाच विजेचाही होऊन बसतो.

संगणकाच्या निद्रावस्थांची आजची मांडणी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या मानकातून आली. तोपर्यंत वीज वाचवण्याचे निर्णय मुख्यतः बायॉस, म्हणजे मदरबोर्डवर कायमचा नोंदवलेला प्राथमिक प्रोग्रॅम, घेत असे आणि विंडोजसारख्या कार्यप्रणालीला त्याचा पुरता पत्ताही नसे; नव्या मानकाने ही सूत्रे कार्यप्रणालीच्या हाती दिली आणि एस-शून्य ते एस-पाच असे अवस्थांना क्रमांक लावले. एस-शून्य म्हणजे चालू संगणक आणि एस-पाच म्हणजे शटडाउन केलेला संगणक. मधल्यांपैकी एस-तीन आणि एस-चार या दोनच अवस्थांशी सामान्य वापरकर्त्याची गाठ पडते: पहिलीला स्लीप म्हणतात, दुसरीला हायबरनेशन.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे आणि पडदा यांची वीज तोडली जाते, मात्र रॅमची, म्हणजे चालू काम जिथे मांडलेले असते त्या तात्पुरत्या स्मृतीची, वीज चालू ठेवावी लागते. रॅममधला प्रत्येक बिट हा एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो आणि तो गळक्या माठातल्या पाण्यासारखा सतत पाझरत असल्यामुळे साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. ही वीज डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधून येणाऱ्या पाच व्होल्टच्या एका वेगळ्या वाहिनीने पुरवली जाते. 1995 मध्ये आलेल्या एटीएक्स रचनेपासून ही वाहिनी बहुतेक डेस्कटॉपमध्ये असून कॅबिनेट उघडल्यास मदरबोर्डच्या मोठ्या जोडणीत तिची जांभळी वायर सहज ओळखता येते. कळफलक, माउस आणि नेटवर्क कार्ड यांनाही याच वाहिनीवरून जेमतेम लागेल तेवढी वीज दिलेली असेल, तरच कळ दाबल्याचा संकेत मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. त्यासाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाला संगणक उठवण्याची परवानगी असावी लागते आणि पुष्कळदा बायॉसमध्येही तसे नोंदवावे लागते. या दोहोंपैकी एक जरी राहिले तरी कळफलक बडवून काही उपयोग होत नाही. पुढच्या यूएसबी पोर्टला लावलेला माउस संगणक उठवत नसेल तर तो मागच्या पोर्टला लावून पाहणे हा कारागिरांचा जुना उपाय आहे आणि त्यामागचे कारण इतकेच की सर्वच पोर्टना झोपेत वीज मिळते असे नाही.

हायबरनेशनमध्ये रॅममधला मजकूर संकुचित करून डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहिला जातो आणि त्यानंतर रॅमचीही वीज तोडली जाते. विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवर लपवलेली असते, तिचे नाव ‘हायबरफिल डॉट सिस’ असे आहे, आणि विंडोज 10 मध्ये तिच्यासाठी सुरुवातीलाच रॅमच्या सुमारे 40 टक्के इतकी जागा राखून ठेवली जाते. या अवस्थेतला संगणक विजेच्या दृष्टीने जवळपास बंदच असल्याने बहुतेक वेळा कळफलक किंवा माउस त्याला उठवू शकत नाही. पॉवरचे बटण एकदा, हलकेच दाबावे लागते आणि मग थांबावे लागते. हे थांबणे लोकांना जमत नाही. तीन गिगाबाइटांची फाइल सेकंदाला 100 मेगाबाइट वाचणाऱ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून परत यायला अर्धा मिनिट लागतो, तर सेकंदाला 500 मेगाबाइट वाचणाऱ्या एसएसडीवरून सहा सेकंदांत काम होते. पण त्या अर्ध्या मिनिटात पडदा काळा दिसतो म्हणून बटण दाबून धरले, तर चार सेकंदांच्या आसपास संगणक सक्तीने बंद होतो आणि जपून ठेवलेले काम आपल्याच हाताने पुसले जाण्याची वेळ येते.

या दोन अवस्थांतला फरक महाराष्ट्राला भारनियमनाने शिकवला. जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली, तो काळच विजेच्या मोठ्या तुटवड्याचा होता. एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र नाशिकच्या उशाशी आहे, पण तिथली वीज राज्याच्या जाळ्यात जात असल्यामुळे त्या शेजाराचा शहराला काही खास लाभ नव्हता आणि इथेही दिवसाचे वेळापत्रक भारनियमनाच्या तक्त्यावर बेतावे लागे. पुढे वीजगळती आणि थकबाकी यांच्या प्रमाणात फीडरांचे गट पाडून बंदचे तास ठरवले गेले. 2012 च्या अखेरीस राज्याचा बहुतांश भाग भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले, तरी जास्त गळतीच्या फीडरांची त्यातून सुटका नव्हती, आणि एप्रिल 2022 मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे भारनियमन हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत आला. अशा ठिकाणी डेस्कटॉप स्लीपमध्ये टाकून जेवायला उठणे म्हणजे काम वाऱ्यावर सोडणे होय, कारण वीज जाताच जांभळी वायर मृत होते, रॅम रिकामी होते आणि परत आल्यावर संगणक झोपेतून उठत नाही, तो नव्याने सुरू होतो. हायबरनेट केलेल्या संगणकाचे मात्र वीज गेल्याने काहीही बिघडत नाही. त्याचा प्लग काढून दुसऱ्या खोलीत नेला तरी अर्धवट लिहिलेले पत्र जागच्या जागी सापडते.

जानेवारी 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने या दोहोंची सांगड घातली. ‘हायब्रिड स्लीप’ या पर्यायात संगणक झोपण्यापूर्वी रॅममधला मजकूर डिस्कवर लिहितो आणि तरीही रॅमला वीज देत राहतो, त्यामुळे वीज टिकली तर कळ दाबताच तो उठतो आणि गेली तर डिस्कवरच्या प्रतीवरून काम परत येते. भारतीय परिस्थितीसाठी याहून योग्य सोय दुसरी नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. तरीही पॉवर ऑप्शन्सच्या आत दोन-तीन पायऱ्या खाली दडलेली असल्यामुळे ती अनेकांच्या नजरेस पडत नाही.

घरात इन्व्हर्टर असला तरी प्रश्न पूर्ण मिटत नाही. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असलेले बटण असते. पहिल्यात वीज गेल्यापासून बॅटरीवर जाण्यास दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, दुसऱ्यात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आणि संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर असताना आपल्या कपॅसिटरांतल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरेल, अशी अपेक्षा धरलेली असते. पंखे आणि दिवे यांना त्या फरकाचे काही वाटत नाही, म्हणून इन्व्हर्टर बसवणारा बटण नॉर्मलवर ठेवून जातो आणि दोष मात्र संगणकाच्या माथी बसतो. झोपलेला डेस्कटॉप जेमतेम दोन-चार वॉट घेतो, त्यामुळे त्याच्या ओझ्याने बॅटरी उतरेल ही भीती अनाठायी आहे. त्याहून अधिक वीज इन्व्हर्टर स्वतःला जागे ठेवण्यासाठी खातो.

दूरवरून संगणक उठवण्याची रीतही याच जागेपणावर उभी आहे. एएमडी आणि एचपी यांनी 1995 मध्ये पुढे आणलेल्या ‘मॅजिक पॅकेट’ या तंत्रात झोपलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड तारेवरून जाणाऱ्या संदेशांवर लक्ष ठेवून असते. सहा बाइट सगळे ‘एक’ अंकांनी भरलेले आणि त्यापाठोपाठ स्वतःचा 48 बिटांचा पत्ता सोळा वेळा, असा एकूण 102 बाइटांचा मजकूर दिसला की ते मदरबोर्डला उठण्याचा इशारा देते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात ड्रॉइंगची मोठी कामे ठेवलेला संगणक कॉलेज रोडवरच्या घरातून उठवायचा असेल तर हे तंत्र उपयोगी पडते, पण त्याला मर्यादा आहेत. हा संदेश साधारणपणे त्याच इमारतीच्या जाळ्यात फिरतो, बाहेरून थेट आत शिरत नाही, म्हणून आतला राउटर किंवा कायम चालू राहणारे एखादे छोटे उपकरण मध्यस्थ म्हणून लागते. वायफायवर ही सोय क्वचितच भरवशाची असते, नेटवर्कची केबलच हवी. शिवाय वीज पूर्णपणे जाऊन आली की पुष्कळ यंत्रांतले नेटवर्क कार्ड एकदा संगणक सुरू होईपर्यंत लक्ष ठेवण्याचे काम हाती घेतच नाही, म्हणजे ज्या दिवशी वीज जाते नेमक्या त्या दिवशी हा मार्ग बंद पडतो. त्यावर उपाय बायॉसमध्येच आहे: वीज परत आल्यावर संगणकाने बंद राहावे, चालू व्हावे की पूर्वीच्या स्थितीत जावे, हे तिथे ठरवता येते आणि अशा संगणकासाठी ‘चालू व्हावे’ हाच पर्याय निवडणे शहाणपणाचे ठरते.

ठरावीक वेळी आपोआप उठण्याची तिसरी सोय मदरबोर्डवरच्या घड्याळाकडे असते. हे घड्याळ सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालते आणि संगणकाचा प्लग काढलेला असतानाही सीआर 2032 या तीन व्होल्टच्या बटणसेलवर वेळ राखते. सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि बायॉसमधली निवडही पुष्कळदा पुसली जाते. ज्या संगणकाचा प्लग वारंवार काढला जातो त्याचा सेल लवकर संपतो, हे दुकानदार सांगतात ते खरे आहे.

संगणक उठतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, ही तक्रार वेगळी. तिथे झोप मोडलेली असते आणि अडलेला असतो तो चित्र दाखवणारा ड्रायव्हर. विंडोज 10 आणि 11 मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास तो ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बऱ्याचदा पडदा परत येतो. याच्या उलट, नको तेव्हा उठणाऱ्या संगणकाची तक्रारही कमी नाही. कारखान्याच्या शेजारी अवजड ट्रक गेल्याने टेबल हादरते, माउस हलतो आणि संगणक उठून बसतो. कधी अद्ययावत करण्याचे काम मध्यरात्री घड्याळाकरवी त्याला उठवते. शेवटची झोप कोणी मोडली हे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’ हा आदेश दिला की कळू शकते, आणि दोषी माउस निघाला तर त्याची परवानगी काढून घेता येते.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-तीन ही अवस्थाच काढून टाकली आहे. तिच्या जागी आलेल्या ‘मॉडर्न स्टँडबाय’मध्ये लॅपटॉप तांत्रिकदृष्ट्या एस-शून्यातच राहतो, फक्त पडदा बंद करून अत्यल्प विजेवर डुलक्या घेतो आणि अधूनमधून जागा होऊन टपाल व संदेश तपासतो. मोबाइलसारखे तत्काळ उठणे हा त्याचा फायदा आणि बंद झाकणाखाली भलतेच काम सुरू होणे हा त्याचा तोटा. नाशिक रोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडताना झाकण लावून बॅगेत ठेवलेला असा लॅपटॉप कल्याण येईपर्यंत गरम झालेला आणि बॅटरी उतरलेला सापडू शकतो. रोज ये-जा करणाऱ्याने झाकण लावताच हायबरनेशन व्हावे अशी निवड करून ठेवणे चांगले. ती कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, बटणे आणि झाकण यांनी काय करावे हे ठरवण्याच्या पानावर आहे. तेवढे केल्यावर मात्र झाकण उघडून कळ दाबण्याची सवय बहुतेक लॅपटॉपांवर सोडावी लागते आणि पॉवरचे बटणच दाबावे लागते.