जुन्या गाडीचा अडखळणारा पिकअप : सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेजच्या पान्यावर पेटते. कोणी मेकॅनिक आहे, कोणी वायरमन, कोणी डेंटिंग-पेंटिंगवाला, तर कोणाचे स्पेअर पार्टचे दुकान. ज्यांचा गॅरेजशी संबंध नाही असे लहान व्यापारीही पाव-बिस्किटे, कापडाचे गठ्ठे, बांगड्यांच्या पेट्या जुन्या गाडीतूनच बाजाराला नेतात. म्हणून आज एका हट्टी बिघाडाविषयी लिहीत आहोत. या बिघाडात गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि कारागिराची पतही जाते.

बिघाड असा. गाडी सुरू होते, जागेवर बरी चालते. पण रेस देताच क्षणभर अडखळते, झटका मारते आणि मग एकदम उचलते. डॅशबोर्डवरची इंजिनाच्या चित्राची लाइट कधी पेटते, कधी विझते. स्कॅनर लावला की एखाद्या सेन्सरचे नाव येते. तो सेन्सर बदलला जातो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

आमचीच एक चूक

एका बेकरीवाल्या बंधूंची पेट्रोल गाडी आमच्याकडे आली. पंधरा वर्षे उलटलेली, मागाहून गॅस किट बसवलेले. पहाटे पाव पोहोचवायला निघाले की चढावर गाडी अडखळे. स्कॅनरने थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे व्होल्टेज कमी असल्याचा कोड दाखवला. आम्ही सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे घेतले. आठवड्याने तक्रार परत आली. मधल्या काळात त्यांनी गाडी दुसरीकडे दाखवली. तिथेही नवा सेन्सरच बसला. तिसऱ्या खेपेला ते पुन्हा आमच्या दारात आले, पण रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, “भाई, दोन सेन्सर झाले. आता काय बदलायचे राहिले?”

या प्रश्नाने आम्ही खजील झालो. आम्ही काही तपासलेच नव्हते. स्कॅनरने नाव सांगितले आणि आम्ही ते विकत आणून बसवले होते.

सेन्सरचे काम काय?

कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल आणि हवेचे प्रमाण जेट, फ्लोट आणि स्क्रूने जुळवले जाई. भारत स्टेज-२ चे प्रदूषण नियम २००० साली दिल्लीत आणि २००५ पासून देशभर लागू झाले, तशी नव्या मोटारींतून कार्बोरेटरची गच्छंती झाली. त्याच्या जागी इंजेक्टर आणि ईसीयू नावाची संगणकाची पेटी आली. ही कल्पना तशी जुनी आहे. इनटेकमधील हवेच्या दाबावरून पेट्रोल ठरवणारी बॉश कंपनीची पद्धत १९६७ मध्येच फोक्सवॅगनच्या गाडीत आली होती.

ईसीयूला स्वतःचे डोळे नाहीत. सेन्सर जे व्होल्टेज पाठवतील त्यावर विसंबून ती पेट्रोल सोडते. थ्रॉटल सेन्सर पाय किती दाबला ते सांगतो. मॅप सेन्सर इनटेकमधला दाब सांगतो. पाण्याचा सेन्सर इंजिन थंड आहे की गरम ते सांगतो. ऑक्सिजन सेन्सर धुरावरून मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आहे, की रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, ते सांगतो.

थ्रॉटल सेन्सरला बहुधा तीन वायर असतात : एक ५ व्होल्टची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. पाय सोडलेला असताना सिग्नल साधारण अर्धा ते एक व्होल्ट असतो, पूर्ण दाबल्यावर चारच्या आसपास जातो. चढावर पाय दाबलेला असताना हा सिग्नल क्षणभर शून्यावर आला, तर ईसीयूला वाटते की चालकाने पाय उचलला. ती पेट्रोल तोडते आणि गाडी झटका मारते. सिग्नल परत आला की गाडी उचलते. आपण ज्याला अडखळणे म्हणतो, ते बऱ्याच वेळा हेच असते.

कोड नेमके काय सांगतो?

पी ०१२२ हा कोड आला की थ्रॉटल सेन्सर गेला, असे सर्रास समजले जाते. कोडचा खरा अर्थ इतकाच, की थ्रॉटल सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी मिळते. सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसेच त्याचा कपलर, वायर, वाटेतले जोड, अर्थ आणि ईसीयूची पिनही आहे. कोड आपल्याला गल्लीपर्यंत नेऊन सोडतो, घर आपणच शोधायचे असते.

पी ०१७१ चे उदाहरण याहून बोलके आहे. मिश्रण लीन आहे, असा त्याचा अर्थ. हे ऑक्सिजन सेन्सरने सांगितले म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच बदलला जातो. प्रत्यक्षात चिरलेल्या व्हॅक्युम पाइपातून हवा शिरत असते किंवा पेट्रोल कमी पडत असते. सेन्सर खरे बोलत असतो आणि आपण साक्षीदारालाच शिक्षा देतो.

२०१० पूर्वीच्या गाड्यांपैकी पुष्कळांना बाजारातला साधा स्कॅनर लागत नाही. त्यांपैकी काहींत ठरावीक दोन पिना जोडल्या की चेक लाइट लुकलुकून कोड सांगते. कोणत्या पिना, हे त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावे. अंदाजाने वायर जोडल्यास ईसीयू जळू शकते.

तपासणीचा क्रम

पहिले काम विचारपूस. गाडी थंड असताना अडखळते की तापल्यावर? पावसात जास्त होते का? पेट्रोलवर होते, गॅसवर होते, की दोन्हींवर? फक्त गॅसवर होत असेल तर आधी किट तपासा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर पाहा. दोन्हींवर होत असेल तर प्लग, कॉइल, हवेची गळती आणि वायरिंगकडे वळा. पाच मिनिटांच्या या बोलण्याने अर्धा दिवस वाचतो.

दुसरे काम डोळ्यांनी पाहणे. एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीतली काजळी, कडक झालेले रबरी पाइप, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी, इंजिनावरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, तेही पाहावे.

तिसरे काम आग आणि इंधन. प्लगची फट, फुटकी वायर, अशक्त कॉइल यांचा बहुतेक जुन्या गाड्यांत कोड येत नाही, पण अडखळणे अगदी सेन्सरसारखेच असते. एमपीएफआय पेट्रोल गाडीत इंधनाचा दाब साधारण अडीच ते तीन बार लागतो; जागेवर बरोबर आणि रेस देताच पडत असेल तर पंप किंवा फिल्टर दोषी. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्याने जुने रबर खराब होऊ शकते आणि टाकीतला गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकू शकतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रणही थोडे लीन होते. पूर्वी न जाणवणारी हवेची बारीक गळती आता अडखळण्यातून जाणवू शकते.

हे सर्व ठीक निघाले तरच मीटर हातात घ्यावा.

मीटर कसा लावावा?

वायरीला सुई टोचू नये. त्या छिद्रातून पाणी शिरून उद्याचा बिघाड तयार होतो. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालावी. ईसीयूच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावू नये, कारण बल्ब जास्त करंट ओढतो. कपलर काढण्या-घालण्यापूर्वी चावी बंद करावी.

आधी ५ व्होल्ट पूर्ण येतात का पाहावे. एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले तर ते सर्व एकदम खराब झाले असे समजू नये. त्यांना ५ व्होल्ट बहुधा एकाच वाटेने मिळतात आणि एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचेही बसतात. एकेकाचा कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची वायर दोषी.

मग सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावावा. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू असताना आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थ कच्चा आहे आणि सेन्सरची सगळी मापे खोटी येणार.

शेवटी सिग्नल. थ्रॉटल हळूहळू उघडावा. व्होल्टेज सलग चढले पाहिजे. येथे काट्याचा जुना मीटर उपयोगी पडतो. डिजिटल मीटर आकडा थांबून थांबून बदलतो, त्यामुळे क्षणाची खोट निसटते. काटा मात्र लगेच खाली झुकतो. मॅप सेन्सरचे व्होल्टेज चावी चालू आणि इंजिन बंद असताना वरच्या बाजूला असते आणि इंजिन सुरू होताच खाली येते. मुंबईत आणि महाबळेश्वरला तो एकच आकडा दाखवणार नाही, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. पाण्याचा सेन्सर बहुतेक गाड्यांत २० अंशाला दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास दाखवतो. इंजिन तापल्यावर नेहमीच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली व्हायला हवा.

हे सर्व करताना वायरिंग हलवत राहावे. जुन्या गाडीचा दोष गाडी उभी असताना लपतो आणि धक्क्याने बाहेर येतो.

दोष कुठे सापडला?

बेकरीवाल्यांच्या गाडीत आम्ही या खेपेला हेच केले. सेन्सरच्या कपलरवर व्होल्टेज ०.६ पासून चारपर्यंत सुरळीत चढले. मग तीच सिग्नलची वायर ईसीयूच्या टोकाला मोजली. तिथेही आकडा बरोबर होता. आमच्या पोऱ्याने इंजिनाजवळची वायरिंग हलवली आणि काटा शून्याकडे पडला. एका टोकाला व्होल्टेज आहे, दुसऱ्या टोकाला नाही. म्हणजे दोष मधल्या वाटेत.

टेप सोडली तेव्हा उलगडा झाला. गॅस किट बसवताना त्याच्या पेटीसाठी थ्रॉटलच्या सिग्नलची वायर सोलून दुसरी वायर नुसती पिळून जोडली होती. सोल्डर नाही, वरून फक्त टेप. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा चिकटा वितळला होता, ओलीने तांबे हिरवे पडले होते. दर वेळी सेन्सर बदलताना वायर हलली, जोड थोडे दिवस नीट टेकला आणि आम्हाला वाटले, दुरुस्ती झाली.

हिरवे तांबे कापून टाकले, जोड सोल्डर केला, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि वायर गरम भागापासून दूर बांधली. सामानाचा खर्च चहा-नाश्त्याइतकाही नाही. त्या बंधूंनी आपला मूळ सेन्सर डब्यात जपून ठेवला होता. तो बसवून, बंद स्थितीचे व्होल्टेज जुळवून त्याच चढावर गाडी नेली. गाडी अडखळली नाही. मूळ सेन्सर कधी खराब झालाच नव्हता. आमच्या सेन्सरचे पैसे आणि त्या वेळची मजुरी आम्ही परत केली.

तपासणीची मजुरी उघड घ्यावी

पैसे परत केले, पण प्रश्न तिथे संपत नाही. आपण तपासण्याऐवजी बदलतो, याचे कारण आपल्या हिशेबात आहे. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, डोक्याचे देत नाही. म्हणून मेकॅनिक पार्टच्या नफ्यात आपला वेळ भरून काढतो. वीजेचा पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही, तेव्हा अंदाज चुकला तरी भुर्दंड गिऱ्हाईकालाच बसतो.

यावर उपाय साधा आहे. गाडी घेतानाच सांगावे : तपासणीचे इतके पैसे, पार्ट लागला तर त्याचे वेगळे. काय मोजले, किती आकडा आला, हे बिलाच्या मागे लिहून द्यावे. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा. आणि गिऱ्हाईक असलेल्या व्यापारी बंधूंनीही, पार्ट लागला नाही म्हणून मजुरी कापू नये. दोष शोधणे हेच अवघड काम असते. सोल्डर मारायला दहा मिनिटे पुरतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य सुके आणि आतले ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर ओले धान्य वर, लोकांच्या नजरेसमोर ठेवायला हवे होते, अशी समज त्याला मिळाली. गिऱ्हाईकाची गाडीही असाच ढीग आहे. वर स्कॅनरचा कोड दिसतो, ओल आत असते. हात घालून पाहणे आणि जे लागेल ते उघड सांगणे, एवढे केले तर रोजी हलाल होईल आणि गिऱ्हाईकही टिकेल, इन्शाअल्लाह.