शौच प्रशिक्षण

शौच प्रशिक्षण म्हणजे मलमूत्र विसर्जनाची जाणीव ओळखणे, योग्य जागी पोहोचेपर्यंत ती रोखून धरणे आणि शौचालयाचा वापर स्वतःहून करणे या गोष्टी लहान मुलाला शिकवण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘शी-शूची सवय लावणे’ असे म्हणतात. बहुतेक मुले वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षांदरम्यान दिवसा कोरडी राहू लागतात. रात्रीचा ताबा त्यानंतर येतो. भारतात बालवाडी किंवा नर्सरीतील प्रवेश सामान्यतः तिसऱ्या वर्षी होत असल्यामुळे, मूल घराबाहेर काही तास राहू लागण्यापूर्वीचा स्वावलंबनाचा टप्पा म्हणून या सवयीकडे पाहिले जाते. ही प्रक्रिया केवळ स्वच्छतेची नसून मज्जासंस्थेची परिपक्वता, भाषा, हालचालींचे कौशल्य आणि मोठ्यांशी असलेले नाते या साऱ्यांचा तीत सहभाग असतो.

शारीरिक आधार

नवजात अर्भकात मूत्रविसर्जन मुख्यतः प्रतिक्षिप्त क्रियेने होते. मूत्राशय ठरावीक मर्यादेपर्यंत भरले की त्याच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात, बाहेरील परिसंकोची स्नायू शिथिल होतो आणि लघवी होते. मेंदू आणि मेरुरज्जू यांच्यातील संदेशवहन परिपक्व होत जाते, तसे दुसऱ्या वर्षात मुलाला मूत्राशय भरल्याची जाणीव होऊ लागते. परिसंकोची स्नायूंवरील ऐच्छिक ताबा त्यानंतर हळूहळू येतो. ही परिपक्वता सरावाने निर्माण होत नाही. सराव उपयोगी पडतो तो ती आल्यानंतर.

मूत्राशयाची क्षमताही वयाबरोबर वाढते. वयाच्या वर्षांत १ मिळवून त्यास ३० ने गुणल्यास मुलाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते, असे ढोबळ सूत्र वैद्यकात वापरले जाते. त्यानुसार ३ वर्षांच्या मुलाची क्षमता सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर असते. या वयाचे मूल मोठ्यांइतका वेळ लघवी रोखू शकत नाही, याचे हे एक कारण आहे.

ताबा येण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम रात्रीच्या मलविसर्जनावर, नंतर दिवसाच्या मलविसर्जनावर, त्यानंतर दिवसाच्या आणि सर्वांत शेवटी रात्रीच्या लघवीवर ताबा येतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा थोडा लवकर येत असल्याचे आढळते. जेवणानंतर जठर ताणले गेल्यामुळे मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणूनच जेवणानंतरची वेळ मुलाला शौचास बसवण्यास सोयीची ठरते.

पूर्वतयारीची लक्षणे

प्रशिक्षण कोणत्या महिन्यात सुरू करावे, यापेक्षा मूल त्यासाठी तयार आहे का, हे पाहावे, असे बालरोगतज्ज्ञ सुचवतात. ही तयारी बहुधा १८ महिन्यांनंतर दिसू लागते. तिची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

- दिवसा सलग दोन तासांच्या आसपास लंगोट किंवा डायपर कोरडा राहणे
- शी होण्यापूर्वी मुलाने कोपऱ्यात जाणे, उकिडवे बसणे किंवा खेळ थांबवणे
- ओले झाल्याचे सांगणे किंवा त्याबद्दल नापसंती दाखवणे
- स्थिर बसता येणे, उठता येणे आणि चड्डी खाली-वर करता येणे
- दोन टप्प्यांच्या साध्या सूचना समजणे
- शी-शूसाठी एखादा शब्द किंवा खूण वापरणे
- मोठ्यांचे अनुकरण करण्याची आणि ‘मी करणार’ असे म्हणण्याची इच्छा

ही सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. चालता-बोलता येणारे मूलही शौचालयात बसण्यास घाबरू शकते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व युरोपमध्ये वेळापत्रकाला बांधलेले कडक प्रशिक्षण प्रचलित होते. अमेरिकेच्या बाल विभागाने १९१४ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘इन्फंट केअर’ या पुस्तिकेच्या जुन्या आवृत्त्यांत पहिल्या काही महिन्यांतच सवय लावण्याचा सल्ला होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी मनोलैंगिक विकासाच्या सिद्धांतात या काळाला महत्त्व दिले. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये या वयाचा संबंध स्वायत्तता आणि लज्जा यांच्यातील द्वंद्वाशी जोडला. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ मधील प्रसिद्ध पुस्तकाने पालकांना सक्तीपासून दूर राहण्यास सांगितले.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारित बालककेंद्री पद्धत मांडली. त्यांच्या नोंदींत मुले सरासरी २८.५ महिन्यांच्या वयात दिवसा पूर्णपणे कोरडी राहू लागल्याचे दिसले. १९७३ मध्ये रिचर्ड फॉक्स आणि नेथन ॲझरिन यांनी ३४ मुलांवरील अभ्यासातून वर्तनशास्त्रावर आधारलेली वेगवान पद्धत सादर केली. पुढच्याच वर्षी तिच्यावरील त्यांचे पुस्तक लोकप्रिय झाले.

१९६१ मध्ये पॅम्पर्स हे टाकाऊ डायपर अमेरिकी बाजारात आले. डायपरमुळे पालकांचे श्रम कमी झाले, पण मुलाला ओलेपणाची जाणीवही कमी होऊ लागली. पाश्चात्त्य देशांत प्रशिक्षण पूर्ण होण्याचे वय गेल्या काही पिढ्यांत वाढले आहे. डायपरचा प्रसार, बालककेंद्री विचार आणि आईवडील दोघांची नोकरी ही त्याची कारणे सांगितली जातात.

पद्धती

बालककेंद्री पद्धत : या पद्धतीत मुलाला प्रथम कपड्यांसह पॉटीवर बसू दिले जाते, नंतर कपड्यांविना. त्यानंतर डायपरमधील शी त्याच्यासमोर पॉटीत टाकून तिचा उपयोग दाखवला जातो. मुलाने विरोध केल्यास काही आठवडे थांबून पुन्हा सुरुवात केली जाते.

वेगवान पद्धत : फॉक्स आणि ॲझरिन यांच्या पद्धतीत मुलाला भरपूर पेय देऊन लघवीची वारंवारता वाढवतात. बाहुलीच्या साहाय्याने कृती दाखवतात, कोरडेपणाची वारंवार तपासणी करतात आणि यश मिळताच बक्षीस देतात. तिच्यात चड्डी ओली झाल्यावर पुन्हा पुन्हा करावयाचा सरावही होता. हा भाग मुलाला शिक्षेसारखा वाटू शकतो, अशी टीका तिच्यावर झाली.

अर्भकावस्थेतील पद्धत : यात पालक बाळाच्या हालचाली ओळखून त्याला ठरावीक स्थितीत धरतात आणि विशिष्ट आवाज काढतात. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजात ही पद्धत जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरू होते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील बाळे पाच-सहा महिन्यांत बऱ्याच अंशी कोरडी राहतात. यात बाळाच्या शरीराशी सतत जवळ असलेल्या माणसाचा वाटा मोठा असतो; बाळ स्वतः शौचालयात जात नाही.

भारतीय कुटुंबांतील पद्धत

महाराष्ट्रासह भारतातील अनेक घरांत डिगो समाजाशी मिळतीजुळती रीत पूर्वापार चालत आली आहे. आई किंवा आजी पाय पुढे करून खाली बसते, बाळाला दोन्ही पावलांवर उकिडवे बसवते आणि ‘शू’ असा लांबवलेला आवाज काढते. झोपून उठल्यावर आणि दूध पाजल्यानंतर असे बसवण्याचा प्रघात आहे. सुती लंगोट आणि दुपट्यांमुळे ओलेपणा लगेच कळतो. शी आणि शू हे शब्द बाळाच्या अगदी सुरुवातीच्या शब्दसंग्रहात असतात.

या रीतीने बाळाला वेळेची व आवाजाची सवय होते, परंतु स्वतः सांगणे, कपडे सोडणे आणि शौचालयात जाणे हे टप्पे नंतरच येतात. शहरांत डायपरचा वापर वाढल्याने आणि विभक्त कुटुंबांत आजी-आजोबांची मदत नसल्याने ही रीत कमी होत आहे. बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही जुलाबाच्या रोगांचे जंतू पसरतात, म्हणून ती अंगणात किंवा गटारात न टाकता शौचालयातच टाकणे आणि नंतर साबणाने हात धुणे आवश्यक असते.

बालवाडीपूर्व तयारी

बालवाडीत जाणाऱ्या मुलाकडून पूर्ण स्वावलंबनाची अपेक्षा करता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला गरज सांगणे, चड्डी उतरवणे, बसणे, पाणी ओतणे आणि हात धुणे या गोष्टी जमू शकतात. शौचानंतर स्वतःला नीट धुणे मात्र बहुतेकांना चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत जमत नाही. त्यामुळे शाळेतील मावशी किंवा अंगणवाडीतील मदतनीस यांचे साहाय्य या वयात गृहीत धरावे लागते.

प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात घाईने सुरुवात केल्यास शाळा आणि नवी सवय असे दोन ताण एकत्र येतात. त्यामुळे तयारीची लक्षणे दिसताच, प्रवेशाच्या काही महिने आधी सुरुवात करणे इष्ट मानले जाते. अतिशय लवकर सुरू करण्याचाही लाभ मर्यादित असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २७ महिन्यांपूर्वी सघन प्रशिक्षण सुरू केलेल्या मुलांना अधिक काळ लागल्याचे, पण ती त्यामुळे लवकर तयार झाली नसल्याचे आढळले.

कपडे : इलॅस्टिकची सैल चड्डी मुलाला स्वतः उतरवता येते. नाडी, पट्टा, घट्ट जीन्स किंवा गुंड्यांचा गणवेश असल्यास गरज ओळखूनही मूल वेळेत मोकळे होऊ शकत नाही.

बैठक : घरी पॉटी किंवा कमोड वापरणाऱ्या मुलाला शाळेत भारतीय पद्धतीचे शौचकूप मिळू शकते. मोठ्या भांड्यावर पाय फाकवून बसताना लहान मूल तोल जाण्याच्या भीतीने शौच टाळते. अशा वेळी मोठ्यांचा हात धरून उकिडवे बसण्याचा सराव आधीच देता येतो. कमोडवर बसताना लहान आसन आणि पायांखाली पाट किंवा स्टूल असावे. पाय अधांतरी राहिल्यास ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि शौचास जोर लावावा लागतो. मुलग्यांना आरंभी बसूनच लघवी करण्यास शिकवणे सोपे जाते.

भाषा : मुलाचा घरचा शब्द शिक्षकांना माहीत असणे महत्त्वाचे असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत किंवा परदेशातील पाळणाघरात मराठी मुलाने हळू आवाजात म्हटलेले ‘शू’ कोणाच्या लक्षात आले नाही, तर मूल विचारणेच सोडून देते. शाळेचा शब्द किंवा हाताची एखादी खूण घरी आधीच परिचयाची केल्यास ही अडचण टळते.

वेळापत्रक : उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर पडण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी शौचालयात नेण्याचा क्रम ठेवला जातो. एका वेळी पाचेक मिनिटांपेक्षा जास्त बसवून ठेवू नये. ‘शू आली का?’ या प्रश्नाला खेळात रमलेले मूल बहुधा ‘नाही’ म्हणते. त्याऐवजी ‘आता शूला जायची वेळ झाली’ असे सांगणे अधिक उपयुक्त ठरते.

स्वच्छता आणि सुरक्षितता : मुलींना पुढून मागे धुण्यास शिकवल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका कमी होतो. शाळेत धुण्यास कोण मदत करणार, हे पालकांनी आधी जाणून घेऊन मुलाला सांगावे. इतर कोणी तेथे स्पर्श करू नये, हेही याच वेळी शिकवता येते. दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड आणि ओल्या कपड्यांसाठी पिशवी ठेवण्याची पद्धत आहे.

बालशिक्षणात या बाबींना पूर्वीपासून स्थान आहे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत स्वतःची निगा राखणे हा दैनंदिन व्यवहाराच्या शिक्षणाचा भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे चालवलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात मुलांच्या शारीरिक स्वच्छतेला महत्त्व होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांत ३ ते ६ वर्षे वयोगटाला पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते. अशा ठिकाणी पाण्याची सोय असलेले, मुलांच्या मापाचे शौचालय नसेल, तर घरी लागलेली सवयही टिकवणे कठीण जाते.

अडचणी

बद्धकोष्ठता आणि शौच रोखणे : एकदा कडक शी होऊन दुखले की मूल पुढच्या वेळी ती रोखून धरते. रोखलेला मल आणखी कोरडा व मोठा होतो आणि पुन्हा दुखते. हे चक्र लांबल्यास आतडे ताणले जाऊन जाणीव बोथट होते आणि पातळ मल नकळत झिरपतो. चड्डी खराब करण्याचा हा प्रकार अनेकदा खोडकरपणा समजला जातो. वस्तुतः तो मुलाच्या ताब्यात नसतो. पाणी, फळे, भाज्या आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मल मऊ करणारे औषध देऊन दुखणे थांबवणे, हा उपचाराचा पहिला भाग असतो. मलमूत्राचे वेग अडवू नयेत, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही आला आहे.

माघार : भावंडाचा जन्म, घर बदलणे, आजारपण किंवा शाळेचे पहिले दिवस यांमुळे कोरडे राहणारे मूल पुन्हा कपडे ओले करू शकते. ही स्थिती सहसा तात्पुरती असते.

रात्री अंथरूण ओले होणे : झोपेत लघवी कमी करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण आणि भरलेल्या मूत्राशयामुळे जाग येणे, या दोन्हींवर रात्रीचा कोरडेपणा अवलंबून असतो. ५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुले अंथरूण ओले करतात. त्यामुळे ५ वर्षांपूर्वी हा विकार मानला जात नाही आणि बालवाडीच्या तयारीशी त्याचा संबंध जोडला जात नाही.

शिक्षेचे परिणाम : ओरडणे, मारणे, चटका देणे किंवा इतरांसमोर लाज आणणे यांमुळे मूल शौच लपवू अथवा रोखू लागते. लहान मुलांना होणाऱ्या मारहाणीच्या प्रसंगांत शौच प्रशिक्षणातील चुका हे एक वारंवार आढळणारे निमित्त असल्याचे बालरोगतज्ज्ञ नोंदवतात. चूक झाल्यावर शांतपणे कपडे बदलणे आणि यशाचे साधे कौतुक करणे, एवढाच प्रतिसाद पुरेसा मानला जातो.

लघवी करताना जळजळ, सतत थेंब-थेंब लघवी, शौचात रक्त, वारंवार तहान लागून लघवीचे प्रमाण वाढणे किंवा चौथ्या वर्षानंतरही दिवसा ताबा नसणे, अशा स्थितीत वैद्यकीय तपासणीची आवश्यकता असते.

विशेष गरजा असलेली मुले

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांना ही सवय लागण्यास अधिक काळ लागू शकतो. कृतीचे लहान टप्पे, चित्रांचे तक्ते आणि ठरावीक वेळी नेणे यांचा त्यांना उपयोग होतो. फ्लशचा आवाज, थंड फरशी किंवा उग्र वास यांचा काही स्वमग्न मुलांना तीव्र त्रास होतो. तो दूर केल्याशिवाय प्रशिक्षण पुढे सरकत नाही. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषामुळे मज्जातंतूंना इजा असलेल्या मुलांत नेहमीचे प्रशिक्षण पुरेसे नसते आणि वैद्यकीय व्यवस्थापनाची गरज भासते.

हे सुद्धा पहा

- बालविकास
- बालवाडी
- अंगणवाडी
- माँटेसरी शिक्षणपद्धती
- बद्धकोष्ठता